शिकवणीचा तास कोणाचा?

'शिकवणी' हा शब्द आपल्याकडे फारसा मानाचा नाही. ज्याला वर्गात समजत नाही, त्याला शिकवणी लावतात, अशी समजूत घरोघरी रूढ आहे. मुलाला गणिताची शिकवणी लावल्याचे शेजारणीला सांगताना आईचा आवाजही थोडा खाली येतो. मग प्रौढ माणसाने शिकवणी लावायची म्हणजे संकोच आणखीच वाढतो. त्यातून ती शिकवणी भाषेची असेल, तर लोक हमखास विचारतात, "भाषा काय, चार लोकांत राहिले की येते. तिच्यासाठी पैसे कशाला मोजायचे?"

भाषा चार लोकांत राहून येते, हे खरे आहे. पण ते चार लोक तुमचे वाक्य थांबवून दुरुस्त करीत नाहीत, हेही तितकेच खरे आहे. तुम्ही चुकीच्या मराठीत मेथीची जुडी मागितली, तरी भाजीवाली जुडी देते. तिला मेथी विकायची असते, व्याकरण शिकवायचे नसते. तुमचे काम होते आणि तुमची चूक मात्र पक्की होत जाते. एखाद्या गावात वीस वर्षे राहूनही त्याच शंभर वाक्यांत व्यवहार उरकणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ती आळशी नसतात. त्यांना कोणी टोकलेले नसते, एवढेच. म्हणून परकी भाषा शिकणाऱ्या प्रौढाने, परवडत असेल तर, काही महिने तरी शिक्षक करावा, असे माझे मत आहे. मात्र तो तास कसा वापरायचा, हे ठाऊक नसेल, तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण अनेकांचे पैसे आणि वेळ माझ्याच घरी वाया गेलेले आहेत.

शाळेतून निवृत्त झाल्यानंतर गेली अनेक वर्षे मी पुण्यात इतर राज्यांतून आलेल्या प्रौढांना मराठी शिकवते. एका वेळी एकच विद्यार्थी, समोर चहाचा कप आणि तासाभराची बैठक, असा माझा क्रम आहे. सुरुवातीच्या काळात लखनौहून बदली होऊन आलेले एक बँक अधिकारी माझ्याकडे येत असत. इतका आदर्श विद्यार्थी मिळणे कठीण, असे मला तेव्हा वाटे. ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी ते येत. वहीला कव्हर घातलेले असे. मी विभक्तीचे प्रत्यय सांगितले की ते तक्ता आखून लिहून घेत. शाळा-शाळेत, रस्ता-रस्त्यावर, झाड-झाडाला अशी सामान्यरूपे त्यांनी पाढ्यांसारखी पाठ केली होती. तीन महिने झाले. एकदा मंडईच्या बाजूला ते मला अचानक भेटले. समोर पेरूवाला उभा होता. मी कौतुकाने म्हटले, "घ्या ना पेरू, तुम्हीच बोला." गृहस्थ गोंधळले, दोनदा खाकरले आणि सरळ हिंदीत भाव विचारून मोकळे झाले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पुढच्या बैठकीत त्यांची परवानगी घेऊन मी सगळा तास ध्वनिमुद्रित केला आणि नंतर घड्याळ लावून ऐकला. साठ मिनिटांपैकी त्यांचे बोलणे जेमतेम सात-आठ मिनिटांचे भरले. त्यातही अर्धे 'हो' आणि 'समजलं' हेच होते. उरलेला सगळा वेळ मीच बोलत होते. मी छान बोलत होते, उदाहरणे देत होते, मधूनच एखादी म्हण सांगत होते. त्या तासात कोणाचे मराठी सुधारत असेल, तर ते माझे!

तालमीत वस्ताद जोर काढतो आहे आणि पठ्ठ्या आखाड्याच्या कडेला बसून टिपणे घेतो आहे, असे दृश्य कधी कोणी पाहिले आहे काय? भाषेच्या शिकवणीत मात्र ते रोज दिसते. दोघांनाही ते सोयीचे असते. शिक्षकाला बोलायला आवडते आणि विद्यार्थ्याला चुकायला आवडत नाही. शिक्षक बोलत राहिला की विद्यार्थ्याची चूक होण्याचा प्रश्नच उरत नाही. तास संपतो, फी दिली जाते आणि दोघेही समाधानाने एकमेकांचा निरोप घेतात.

हा तास खरोखर कोणाचा, हे मला शिकवले ते केरळहून आलेल्या एका परिचारिकेने. ती पुण्यातल्या एका रुग्णालयात नुकतीच लागली होती. पहिल्या दिवशी खुर्चीवर बसण्याआधीच ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "टीचर, मला व्याकरण नको. मला दुखणं शिकवा."

त्यामागे एक घटना होती. वॉर्डात खेड्यातून आलेली एक वृद्ध बाई होती. तिने हिला जवळ बोलावून सांगितले, "बाई, कळ येते." हिला तोवर मराठीतली जी मोजकी वाक्ये आली होती, त्यांत 'कळलं का?' हे एक होते. त्यामुळे म्हातारीला काहीतरी कळते आहे, असा अर्थ हिने घेतला आणि हसून "हो, हो, कळलं" म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली. म्हातारी पोट धरून तशीच पडून राहिली. थोड्या वेळाने दुसऱ्या परिचारिकेच्या लक्षात आले आणि पुढचे उपचार झाले. म्हातारीला अपाय झाला नाही. वॉर्डातल्या लोकांना हा विनोद मात्र पुष्कळ दिवस पुरला. हिला त्यात विनोद दिसत नव्हता. "ती मला सांगत होती आणि मी हसले," असे ती मला म्हणाली. तिच्या त्या वाक्यातले मराठी पूर्ण शुद्ध होते, हे मला आजही आठवते.

माझ्या पाठांत दुखण्याचा धडा एकच होता आणि त्यात डोके, पोट, पाय हे अवयव 'दुखत' होते. हिने मला जे आणून दाखवले, ते पाहून माझे मलाच नवल वाटले. गणवेशाच्या खिशात मावेल अशी एक छोटी वही ती बाळगत असे. वॉर्डात कानावर पडलेला आणि न समजलेला शब्द ती डाव्या पानावर मल्याळम लिपीत, जसा ऐकला तसा, उतरवून ठेवी. उजवे पान माझ्यासाठी कोरे असे. ठणका, चमक, उसण, चुरचुर, जळजळ, मळमळ, घेरी, मुंग्या, तोंडाला कोरड. मराठी माणूस किती परींनी दुखतो, हे मला साठ वर्षे मराठी बोलूनही कधी मोजावेसे वाटले नव्हते. 'मुंग्या येतात' हे ऐकून तिने एका आजोबांची चादर झटकली होती! 'पोटात गोळा आला' हे एका रुग्णाने पोटाच्या दुखण्याबद्दल म्हटले होते आणि दुसऱ्याच्या मुलीने शस्त्रक्रियेच्या भीतीने. या दोहोंतला फरक कसा ओळखायचा, असा तिचा प्रश्न होता. प्रामाणिकपणे सांगायचे, तर तो प्रश्न समजून घ्यायला मलाच पाच मिनिटे लागली.

आमचे तास मग वेगळ्याच रीतीने चालू लागले. पहिली दहा-पंधरा मिनिटे तिच्या वहीची. त्यानंतर मी रुग्ण होई. मी कण्हत-कुथत, अर्धवट वाक्यांत, गावाकडच्या उच्चारात तक्रार सांगे आणि तिने प्रश्न विचारून नेमके काय होते आहे, ते काढून घ्यायचे. कधी मी चिडका नातेवाईक होई. कधी ऐकू कमी येणारी आजी होई. शेवटची काही मिनिटे मी कागदावर टिपलेल्या तिच्या चुकांची असत. व्याकरण आले, पण मागच्या दाराने आले. तिच्या भाषेत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे 'आजोबा जेवली' आणि 'आजी झोपला' अशी वाक्ये सुरुवातीला सर्रास येत. उलट ळ आणि ण तिच्या मातृभाषेत असल्यामुळे, हिंदी भाषकांना जे उच्चार महिनोन् महिने छळतात, ते तिला पहिल्या दिवसापासून येत होते. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद, म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' आणि त्याला बरोबर घेऊन 'आपण', हा समजावून सांगायला मी उदाहरणांची तयारी करून बसले होते. तिने एका वाक्यात विषय संपवला. मल्याळममध्ये तोच भेद आहे. म्हणजे माझ्या ठरलेल्या पाठांतले निम्मे तिला नको होते आणि तिला हवे होते त्यातले बहुतेक माझ्या पाठांत नव्हते. तिने वही आणली नसती, तर हे आम्हां दोघींनाही कधी समजले नसते.

शिक्षकाकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, असे मी म्हणते, ते या अर्थाने. तुम्ही हैदराबादेत तेलुगू शिकत असा, इंदुरात राहून मराठी शिकत असा किंवा नोकरीतल्या बढतीसाठी इंग्रजी. गेल्या दोन दिवसांत तुमचे बोलणे कोठे अडले, ते टिपून न्या. बसच्या वाहकाने काय म्हटले ते समजले नाही, मुलाच्या शाळेतून आलेल्या पत्रातली ओळ लागली नाही, साहेबांना रजेचे कारण सांगताना शब्द सापडला नाही, हे सगळे शिकवणीचे साहित्य आहे. पुस्तकातला पुढचा धडा कोणालाही मिळतो. तुमचे अडलेले वाक्य फक्त तुमच्याकडे असते.

ही रीत काही मी शोधलेली नाही. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात परकी माणसे भाषा शिकत ती बहुधा याच रीतीने. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, त्याची स्थापना 1800 सालची, विल्यम कॅरे हे भाषांचे अध्यापन करीत. त्यांनी बंगालमध्ये राहून पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला, 1805 साली मराठीचे इंग्रजी व्याकरण छापले आणि 1810 साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्या काळी परक्यांनी मराठी कशी शिकावी, याची तयार पाठ्यपुस्तके फारशी नव्हती. पंडिताला भाषा येत होती. तिच्यातून नियम काढायचे, तर विचारणाऱ्याला नेमके विचारता यायला हवे होते. आज परिस्थिती उलटी झाली आहे. पुस्तके उदंड झाली, विचारणे कमी झाले. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या वाचकांनी तर हे उदाहरण आवर्जून लक्षात ठेवावे. आता दूरध्वनीच्या पडद्यावरून कोठल्याही गावातला शिक्षक समोर बसवता येतो. तरी पडद्यावरच्या तासातही तोच धोका आहे. शिक्षक चित्रे दाखवीत राहतो आणि विद्यार्थी पाहत राहतो.

चुकांच्या दुरुस्तीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. चूक झाल्याबरोबर टोकावे की वाक्य पुरे होऊ द्यावे, याबद्दल शिक्षकांत एकमत नाही. माझी पद्धत वाक्य पुरे होऊ देण्याची आहे. सारखे टोकले की माणूस बोलायचाच थांबतो. पण परिचारिकेने मला तसे करू दिले नाही. ती म्हणाली, "टीचर, वॉर्डात मला कोणी थांबवत नाही. इथे तरी थांबवा." तिचे म्हणणे बरोबर होते. तिच्या कामात चुकीचा शब्द महाग पडणार होता. त्यामुळे औषध, वेळ आणि दुखणे यांविषयीच्या चुका ताबडतोब आणि बाकीच्या शेवटी, असे आम्ही ठरवले. आपल्याला कसे टोकलेले चालेल, हे विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी शिक्षकाला सांगावे. शिक्षक ते स्वतःहून विचारीलच, असा भरवसा धरू नये.

आणि नुसता नियम समजला म्हणजे चूक जात नाही. बँकेतले गृहस्थ नेहमी 'त्याने म्हणाला' असे म्हणत. हिंदीत 'उसने कहा' असते, म्हणून मराठीतही 'ने' येणार, असा त्यांच्या जिभेचा हिशोब. मराठीत 'त्याने सांगितले' होते, पण 'तो म्हणाला' होते. नियम मी चार वेळा सांगितला होता आणि तो ते मला घडाघडा म्हणून दाखवीत. तरीही पुढच्याच वाक्यात 'त्याने म्हणाला' येई. पेरूच्या प्रसंगानंतर मी त्यांचा तक्ता बंद केला आणि रोज बँकेतले एक भांडण मला सांगायचे, असे ठरवून दिले. भांडणात कोण काय म्हणाले, हेच मुख्य असते. तो म्हणाला, मग मी म्हणालो, मग ती म्हणाली. बँकेत भांडणांना तोटा नसतो! दोन आठवड्यांत 'ने' गळून पडला. याच गृहस्थांनी एकदा सहकाऱ्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले होते, "मुलांच्या शिक्षेसाठी मी पुण्याची बदली मागून घेतली." हिंदीतल्या 'शिक्षा'चा अर्थ शिक्षण आणि मराठीतल्या 'शिक्षे'चा अर्थ दंड. सगळे हसले. तेही हसले, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी कार्यालयात मराठीत तोंड उघडले नाही.

हा संकोच हाच प्रौढ विद्यार्थ्याचा खरा शत्रू आहे. मूल चुकते आणि विसरते. मोठा माणूस चुकतो आणि लक्षात ठेवतो. ज्याने आपल्या भाषेत मान मिळवलेला असतो, त्याला दुसऱ्या भाषेत पाच वर्षांच्या मुलासारखे बोलताना अपमान वाटतो. तो अपमान टाळण्यासाठी माणसे काय काय करतात! आजारपण काढतात, पाहुणे आणतात, तास रद्द करतात. एक जण तर माझ्याकडे येऊन दर वेळी मराठी भाषेच्या इतिहासावर इंग्रजीत चर्चा करीत. चर्चा उत्तम होत असे.

येथे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची आठवण होते. रमाबाई रानडे यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्यांच्या कलकत्त्यातल्या मुक्कामाची हकिगत आहे. 1886 साली सरकारच्या वित्तविषयक समितीच्या कामासाठी रानडे नेमले गेले आणि त्या निमित्ताने हे दांपत्य काही काळ कलकत्त्यास राहिले. रानडे तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. विद्वान म्हणून, न्यायाधीश म्हणून त्यांचा सर्वत्र लौकिक होता. तेथे त्यांनी बंगाली पुस्तके आणवली आणि वाचायला सुरुवात केली. अडले की विचारायचे कोणाला? हजामत करायला आलेल्या न्हाव्याला! एकीकडे वस्तरा चालू आणि दुसरीकडे बंगालीचा पाठ चालू. रमाबाईंनी या गुरूवरून त्यांची थट्टा केली, तरी त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही. स्वतः शिकल्यावर त्यांनी रमाबाईंनाही बंगाली शिकवले.

या प्रसंगाकडे साधेपणाचा दाखला म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. मला त्यात व्यवहारचातुर्यही दिसते. न्हावी कलकत्त्याचा होता, त्याचे बंगाली अस्सल होते, तो ठरल्या वेळी येत होता आणि त्या अवधीत दुसरे काही करताही येत नव्हते. याहून सोयीची शिकवणी कोणती? रमाबाईंची गोष्ट मात्र वेगळी. 1873 साली लग्न झाल्यापासून पतीने त्यांना शिकवायला सुरुवात केली. पुढे त्या इंग्रजीही शिकल्या. पण घरातल्या बायकांचा त्याला विरोध होता आणि टोमणे खातच त्यांना अभ्यास करावा लागला. पुरुषाने न्हाव्याकडून शिकले तर कौतुक आणि सुनेने घरात पुस्तक उघडले तर बोलणी, हा फरक विसरून चालणार नाही. आजही माझ्याकडे येणाऱ्या काही स्त्रिया घरी 'बाजारात जाऊन येते' असे सांगून येतात. त्यांचा प्रत्येक तास किती मोलाचा असतो, ते ज्याला फक्त फीचे पैसे मोजावे लागतात, त्याला समजणार नाही.

माझाही संकोच कधीतरी उघडा पडायचाच होता. एके दिवशी परिचारिका म्हणाली, "टीचर, शेवटची पाच मिनिटं मी शिकवते. तुम्ही मल्याळम बोला." मी हसत होकार दिला. कोळिकोड या गावाच्या नावात आपण मराठीत ळ लिहितो, कोणी झ लिहितात. तो ध्वनी ळही नाही आणि झही नाही, हे तिने मला सांगितले आणि तो उच्चारून दाखवला. मी उच्चारला. तिने मान हलवली. मी पुन्हा उच्चारला. तिने पुन्हा मान हलवली. सातव्या-आठव्या खेपेला माझे कान तापले. चहा करण्याचे निमित्त काढून मी उठले. स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, बँकेतले गृहस्थ ज्या कारणाने सारखे पाणी मागत असत, त्याच कारणाने मी चहाला उठले होते. तो ध्वनी मला अजून नीट येत नाही. पण त्या दिवसापासून 'चाक' आणि 'चार' यांतल्या दोन वेगळ्या च-साठी मी कोणाला सलग आठ वेळा छळलेले नाही. तीन वेळा, मग दुसरा विषय, मग पुन्हा तीन वेळा.

आता पैशांविषयी. याबद्दल बोलणे आपल्याला अवघड वाटते, पण बोलले पाहिजे. जे फुकट मिळते, ते विकत घेऊ नये. अक्षरे गिरवणे, शब्दांच्या याद्या पाठ करणे, धडा उतरवून काढणे, ही कामे शिक्षकासमोर बसून करणे म्हणजे रिक्षा उभी करून आत बसून जेवण्यासारखे आहे. मीटर चालूच राहते. ती घरी करावीत. तासात फक्त तेच करावे, जे एकट्याने होत नाही. म्हणजे बोलणे, आणि कोणीतरी ते ऐकून सुधारणे. आठवड्यातून एकदा दोन तास बसण्यापेक्षा दोनदा एकेक तास बसावे, आणि तेही परवडत नसेल तर दोनदा अर्धा तास. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि ते 1885 साली प्रसिद्ध केले. शिकलेले सर्वांत वेगाने विसरते ते शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात, हे त्याला आढळले. एकाच बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांत विभागलेली उजळणी अधिक टिकते, हेही त्याने दाखवले. म्हणून शिकवणीहून घरी परतताना, बसमध्ये बसल्या बसल्याच, आज सुधारलेली पाच वाक्ये मनात म्हणावीत. दुसऱ्या दिवशी त्यांतले एक तरी खऱ्या माणसाला ऐकवावे. परिचारिका हे रात्रपाळीत करी. जागी असलेली कोणी ना कोणी आजी तिला मिळेच आणि आजींनाही बोलायला कोणीतरी हवेच असे.

दोघांनी मिळून एक तास घेतला तर खर्च निम्मा होतो, हे खरे. पण दोघांची गरज सारखी असेल तरच तो घ्यावा. रिक्षाचालक आणि महाविद्यालयातली प्राध्यापिका यांना एकत्र बसवून मी एकदा पाहिले. दोघेही सज्जन होते. दोघेही कंटाळले.

शिक्षक बदलावा की नाही, हा नाजूक प्रश्न आहे. आपल्याकडे गुरू सोडणे हे पाप मानले जाते आणि त्याचा फायदा माझ्यासारखे शिक्षक घेतात. मी सांगते, महिन्याभराने एक तास घड्याळ लावून मोजा. त्या तासात निम्मा वेळही तुम्ही बोलला नसाल, तर शिक्षकाला तसे स्पष्ट सांगा. सांगूनही फरक पडला नाही, तर नमस्कार करून दुसरा शोधा. बँकेतल्या गृहस्थांनी तसे केले असते, तर मला राग आला असता, पण ते योग्यच झाले असते. ते राहिले, ही त्यांची भलमनसाई. पुढे त्यांची बदली नागपूरला झाली. तेथून त्यांनी मला मराठीत पत्र पाठवले. त्यात दोन चुका होत्या आणि 'तो म्हणाला' तीनदा अचूक आले होते.

परिचारिकेची शिकवणी सात महिने चालली. नंतर तिच्या पाळ्या बदलल्या आणि येणे थांबले. वर्षभराने एका रात्री साडेअकराच्या सुमारास तिचा दूरध्वनी आला. इतक्या उशिरा म्हणून मी दचकले. वॉर्डातल्या एका काकांनी "जीव घाबराघुबरा होतोय" असे सांगितले होते. हा शब्द भीतीचा की शरीराचा, असे ती विचारत होती. मी म्हटले, "दोन्ही असू शकतं. पण तू आधी डॉक्टरांना बोलव." ती म्हणाली, "ते मघाशीच बोलावले, टीचर. ते तपासताहेत. मला वहीत लिहायचंय, म्हणून विचारलं. घाबराघुबरा, यात दुसरा घु ऱ्हस्व की दीर्घ?"